धनादेशावर सही नसलेली माणसे

अचलपूरच्या नैर्ऋत्येला काही किलोमीटरवर चम्मक हे गाव आहे. १८६८च्या सुमारास तिथे शेत नांगरताना जुने ताम्रपट सापडले. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने आपल्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकात, दिलेल्या दानाचा तो लेख आहे. भोजकट राज्यातले, मधुनदीच्या काठचे चर्मांक नावाचे गाव एक हजार ब्राह्मणांना दिले, असे त्यात नोंदले आहे. अभ्यासक हा लेख वाकाटकांची वंशावळ आणि राज्यव्यवस्था समजून घेण्यासाठी वाचतात. दानाच्या कारभाराचा कागद म्हणूनही तो वाचण्यासारखा आहे. गाव दिले राजाने, पण दिले ते शत्रुघ्नराजाचा पुत्र कोंडराज याने विनंती केली म्हणून. आणि विनंती करणाऱ्याचे नावही राजाच्या नावासोबत तांब्यावर कोरून ठेवले आहे. पुढे अटी आहेत. दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी किंवा व्यभिचार करू नये, लढाई करू नये, दुसऱ्या गावांचे वाईट करू नये. यातले काही घडले आणि राजाने गाव परत घेतले, तर ती चोरी ठरणार नाही, असे लेख स्पष्ट सांगतो. दान हजार जणांना असले तरी नावे मात्र ४९ जणांचीच आहेत. कोणाच्या सांगण्यावरून दिले, कोणत्या अटीवर दिले आणि नेमके कोणाला पोहोचले, हे प्रश्न आजच्या प्रत्येक धर्मादाय निधीपुढे तसेच उभे आहेत, आणि त्यांची उत्तरे शोधणाऱ्या एका फारशा चर्चेत नसलेल्या व्यवस्थेबद्दल हा लेख आहे.

एखादा निधी शिष्यवृत्ती देतो, उपचारासाठी मदत करतो किंवा गावपातळीवर काम करणाऱ्या छोट्या संस्थांना अनुदान देतो, तेव्हा बाहेरून फक्त देणारा आणि घेणारा दिसतो. मधली रचना दिसत नाही. निधीची मालकी विश्वस्तांच्या नावे असते, पण ती त्यांच्या स्वतःसाठी नसते. विश्वस्त-लेखात जो हेतू लिहिला आहे त्यासाठीच पैसा खर्च करणे त्यांच्यावर बंधनकारक असते. महाराष्ट्रात १९५०च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली संस्थेची नोंदणी होते, हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातात, आणि विश्वस्तांनी कसूर केली तर त्यांना पदावरून दूर करण्याची तरतूदही त्या कायद्यात आहे. म्हणजे जबाबदारी विश्वस्तांची, सही विश्वस्तांची. पण आलेल्या दोनशे अर्जांपैकी कोणते खरे, कोणती संस्था काम करते आणि कोणती फक्त अहवाल छापते, हे विश्वस्तांना कळायचे कसे? त्यासाठी अनेक निधी एक सल्लागार समिती नेमतात. तिचे सदस्य पगार घेत नाहीत. ते अर्ज वाचतात, शंका काढतात, जागेवर जाऊन पाहतात, एकत्र बसून चर्चा करतात आणि शिफारस करतात. शिफारस मान्य करायची की नाही, हे विश्वस्त ठरावाने ठरवतात. पहिला हप्ता गेल्यावर काम झाले का, हे पाहून दुसऱ्या हप्त्याबद्दल समितीच पुन्हा मत देते. तिच्या हातात पैसा नसतो, धनादेशावर तिच्यातल्या कोणाची सही नसते. अनेकांना हा तिचा दुबळेपणा वाटतो. माझ्या मते तिचे सगळे बळ तिथेच आहे. मात्र हे बळ आपोआप येत नाही, त्यासाठी निधीला काही पथ्ये पाळावी लागतात.

आधी हे पाहू की स्थानिक माणसाचा सल्ला लागतोच कशाला. अचलपूर सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. दक्षिणेकडे पूर्णेच्या खोऱ्यात उतरले की खारपाणपट्टा लागतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतल्या या पट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट आहे. मुंबईच्या एखाद्या निधीने ‘शेतकऱ्याला पाणी’ या चांगल्या हेतूने इथे बोअर घेण्यासाठी अनुदान दिले, तर पाणी लागेलही, पण ते पिकाला देता येणार नाही आणि माणसालाही पिता येणार नाही. इथे पावसाचे पाणी साठवणारे शेततळे हवे. ही गोष्ट दर्यापूरच्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक असते, पण अर्जाच्या छापील नमुन्यात तिच्यासाठी रकाना नसतो. परतवाड्याहून उत्तरेला घाट चढला की चित्र पूर्ण पालटते. मेळघाटात पावसाळ्यात काही गावांचा रस्ता तुटतो. बरीच कोरकू कुटुंबे दिवाळीनंतर कामाच्या शोधात बाहेर पडतात आणि होळीला परततात. मुलांच्या पोषणाचा एखादा प्रकल्प आर्थिक वर्षाच्या सोयीने डिसेंबर ते मार्च असा आखला, तर ज्या मुलांसाठी तो आहे त्यातली कितीतरी तेव्हा आईबापांबरोबर वीटभट्टीवर असतील. शिवाय कोरकू ही मराठीहून सर्वस्वी वेगळ्या, मुंडा कुळातली भाषा आहे. मराठी किंवा इंग्रजी अर्ज उत्तम भरून येतो तो बहुधा ज्याला लिहिणारा माणूस मिळाला त्याचा. एकाच गावापासून पाऊण-एक तासाच्या अंतरावर गरजा इतक्या बदलत असतील, तर दूर बसलेल्या विश्वस्ताने कितीही प्रामाणिकपणे अर्ज वाचले तरी त्याला अर्जच कळतात, माणसे कळत नाहीत.

जाणकार माणसे पैशापासून वेगळी बसवण्याची कल्पना आधुनिक रूपात अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात मांडली गेली. फ्रेडरिक गॉफ हे तिथल्या एका ट्रस्ट कंपनीचे प्रमुख होते. मृत्युपत्राने ठेवलेले निधी कालबाह्य हेतूंना जखडून पडतात, हे ते रोज पाहत होते. दात्याने शंभर वर्षांपूर्वी एखाद्या कामासाठी पैसा ठेवला, पुढे ते कामच उरले नाही, तरी पैसा अडकलेला. १९१४मध्ये त्यांनी क्लीव्हलँड फाउंडेशन उभे केले. पैसा बँकेने सांभाळायचा, गुंतवायचा. आणि उत्पन्न कशावर खर्च व्हावे हे शहरातल्या नागरिकांच्या वेगळ्या वितरण समितीने ठरवायचे, अशी ती विभागणी होती. समितीचे सगळे सदस्य बँकेने नेमायचे नाहीत, काही नेमणुका महापौर आणि न्यायाधीशांकडे राहतील, अशीही सोय केली होती. पुढे जगभर जे ‘सामुदायिक निधी’ निघाले, त्यांचा हा पहिला नमुना. त्यात एक गोष्ट मोलाची आहे. पैसा वाढवणे हे एक कौशल्य आहे आणि पैसा कुठे लागतो हे ओळखणे हे दुसरे. दोन्ही एकाच माणसात असतीलच असे नाही, म्हणून रचनाच अशी करावी की एकाने दुसऱ्याचे काम हिसकावू नये.

आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके आहे. लेडी मेहेरबाई टाटा यांचा १९३१मध्ये रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू झाला. त्यांचे पती दोराबजी टाटा यांनी १९३२च्या एप्रिलमध्ये त्यांच्या स्मरणार्थ लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला आणि जूनमध्ये ते स्वतः गेले. या निधीच्या उत्पन्नातले चार पंचमांश जगभरातल्या रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी आणि एक पंचमांश भारतातल्या संशोधनासाठी राखलेले आहे. कोणता शास्त्रज्ञ योग्य मार्गावर आहे, हे मुंबईतल्या विश्वस्तांना कळणे शक्य नव्हते, आणि त्यांनी तसा आव आणला नाही. आंतरराष्ट्रीय संशोधनवृत्तींसाठी वैज्ञानिकांची सल्लागार समिती शिफारस करते, भारतातल्या संशोधनासाठी इथले जाणकार करतात. दात्याचे दुःख इतके खासगी, आणि तरीही निवडीचा अधिकार त्याने आपल्या माणसांत ठेवला नाही, याबद्दल मला फार आदर वाटतो. मेळघाटातल्या एखाद्या छोट्या संस्थेला पन्नास हजार द्यायचे की नाही, हा निर्णय वैज्ञानिक संशोधनाच्या निर्णयापेक्षा सोपा असतो असे आपण धरून चालतो. तो सोपा नसतो. तिथेही विशेष ज्ञान लागते, फक्त ते पदवीत मोजता येत नाही.

परदेशातल्या मराठी माणसांनीही हेच ओळखले. अमेरिकेत १९७८मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र फाउंडेशनने १९९४पासून साहित्याचे आणि पुढे समाजकार्याचे पुरस्कार सुरू केले. पैसा तिकडच्या मराठी कुटुंबांचा, निवड मात्र महाराष्ट्रातल्या निवड समित्यांची. साधना ट्रस्टसारख्या संस्थेच्या सहकार्याने हे काम वर्षानुवर्षे चालले. इथल्या खेड्यात कोणता कार्यकर्ता खरोखर राबतो, हे न्यू जर्सीत बसून ठरवू नये, एवढी समज त्या रचनेत आहे. वऱ्हाडातून पुण्याला, मुंबईला, परदेशात गेलेल्या आणि गावासाठी काही करू पाहणाऱ्या कुटुंबांची संख्या आता थोडी नाही. त्यातले बहुतेक जण ओळखीच्या एका माणसाकडे पैसे सोपवतात. तो माणूस प्रामाणिक असला तरी एकटा असतो. त्याला आपल्याच आळीचा, आपल्याच जातीचा, आपल्याच शाळेचा गरजू आधी दिसतो, आणि त्याला विचारणारे कोणी नसते.

यावर पहिला आक्षेप लगेच येतो, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. स्थानिक समिती म्हणजे स्थानिक पुढाऱ्यांची समिती. गावात ज्याचे वजन तो समितीत, आणि त्याच्या मर्जीतला लाभार्थी. महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या तालुका समित्यांवर अशासकीय अध्यक्ष आणि सदस्य नेमले जातात, त्यांची नावे पालकमंत्री सुचवतात, त्यामुळे सरकार बदलले की समित्याही बदलतात. समिती नसते तेव्हा तहसीलदार काम पाहतात. अशा नेमणुकीत सदस्याची निष्ठा कोणाकडे वळणार, हे सांगायला नको. पण या उदाहरणातून निघणारा निष्कर्ष नीट पाहिला पाहिजे. तिथला दोष स्थानिकपणाचा नाही, नेमणुकीच्या मार्गाचा आहे. सगळे सदस्य एकाच हाताने नेमले की समिती त्या हाताची होते. क्लीव्हलँडच्या रचनेत नेमणुका वाटून दिल्या होत्या त्या याचसाठी.

स्थानिक लोक निवड करू लागले की बडेच फायदा लाटतात का, याची पद्धतशीर तपासणीही झाली आहे. अभिजित बॅनर्जी, बेंजामिन ओल्कन, रेमा हॅना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडोनेशियातल्या ६४० वस्त्यांमध्ये प्रयोग केला. काही ठिकाणी मालमत्तेच्या सूत्रावरून गरीब ठरवले, काही ठिकाणी लोकांनी बैठकीत बसून एकमेकांची क्रमवारी लावली, काही ठिकाणी दोन्ही मिसळले. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष दोन्ही बाजूंना विचार करायला लावणारे आहेत. खर्चाच्या आकड्यांवरून मोजलेली गरिबी ओळखण्यात सूत्र थोडे सरस ठरले. पण लोकांनी केलेल्या निवडीवर समाधान जास्त होते, तक्रारी कमी होत्या, आणि बड्यांनी लाभ हडपल्याचा पुरावा मिळाला नाही. लोक गरिबी वेगळ्या रीतीने मोजत होते, एवढेच. वाटायची रक्कम छोटी होती, हे इथे लक्षात ठेवले पाहिजे. मोठ्या पैशाला मोठा मोह असतो. म्हणून मी या प्रयोगाच्या आधारे एवढेच म्हणतो की स्थानिक माणसाला दिलेला अधिकार भ्रष्ट होणारच, हे गृहीत धरायला आधार नाही. उघड्यावर झालेली निवड आणि बंद खोलीतली निवड यांत फरक आहे. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात गरिबी निर्मूलनाच्या योजनांचे लाभार्थी निवडण्याचे काम ग्रामसभेकडे दिले, त्यामागेही हाच विचार आहे. नाव सगळ्यांसमोर वाचले की खोटे नाव टिकणे अवघड होते.

दुसरा आक्षेप कायद्याच्या जाणकारांचा. विश्वस्तांनी आपला निर्णयाचा अधिकार दुसऱ्यावर सोपवता कामा नये, हे विश्वस्त-कायद्याचे मूळ तत्त्व आहे. समितीचे सगळेच ऐकायचे, तर विश्वस्त कर्तव्यात कसूर करतात. आणि ऐकायचेच नसेल, तर समिती कशाला? हा पेच खरा आहे आणि अनेक निधी त्यात फसतात. काही ठिकाणी समिती फक्त पत्रिकेवर नावे छापण्यापुरती असते. काही ठिकाणी विश्वस्त डोळे मिटून सह्या करतात आणि चूक झाली की समितीकडे बोट दाखवतात. यातून सुटण्याचा रस्ता आहे, आणि तो लेखी कारणांचा आहे. समितीने प्रत्येक शिफारशीला कारण लिहावे, नाकारलेल्या अर्जालाही लिहावे. विश्वस्तांना शिफारस डावलायची असेल तर जरूर डावलावी, पण का डावलली हे ठरावात लिहून समितीला कळवावे. एवढे केले की दोघांची जबाबदारी वेगळी राहते आणि दोघांनाही एकमेकांचा धाक राहतो. सल्ला देणाऱ्याच्या हातात धनादेश नसल्यामुळे त्याला खूश करून लगेच पैसे मिळत नाहीत. सही करणाऱ्यासमोर लेखी कारण असल्यामुळे त्याला मर्जीने नाव घुसडता येत नाही. एखाद्याला दोघांनाही फितवता येईल, पण ते एकाला फितवण्यापेक्षा नक्कीच कठीण आहे. सल्लागार समितीला अंतिम अधिकार द्यावा, अशी मागणी अधूनमधून होते. मला ती पटत नाही. अधिकार मिळताच तिच्यावर तोच दबाव येईल जो विश्वस्तांवर येतो, आणि मग तिसरी समिती शोधावी लागेल.

हितसंबंधांचे पथ्य यालाच जोडून येते. ज्या संस्थेत सदस्याचा नातेवाईक आहे, ज्या संस्थेशी त्याचा व्यवहार आहे, तिचा अर्ज चर्चेला आला की त्याने ते आधी सांगावे आणि खोलीबाहेर जावे. इतिवृत्तात तशी नोंद व्हावी. तालुक्याच्या गावात सगळेच एकमेकांचे कोणीतरी लागतात, म्हणून हे अव्यवहार्य आहे, असे म्हणणारे भेटतात. सगळेच नात्यागोत्यातले असतील, तर हा नियम तिथे जास्त लागतो. या मुलखाला त्याचा आदर्श बाहेरून आणावा लागत नाही. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात १८७६मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी लोकांकडून पैसा गोळा करून धर्मशाळा, वसतिगृहे, गोशाळा उभ्या केल्या आणि स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या नावावर त्यातले काही ठेवले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. १९५२मध्ये संस्थांच्या कारभारासाठी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. ज्याच्या शब्दावर लोक पैसा देत होते त्यानेच तो पैसा स्वतःच्या आवाक्याबाहेर ठेवला. संतपणाचा भाग बाजूला ठेवला तरी ही उत्तम संस्थात्मक शिस्त आहे, आणि ती संत नसलेल्या माणसांनाही नियमाने पाळता येते.

तिसऱ्या अडचणीबद्दल फार कमी बोलले जाते. बिनपगारी काम कोणाला परवडते? निवृत्त प्राध्यापकाला, वकिलाला, डॉक्टरला. धारणीच्या बाजूच्या एखाद्या कोरकू बाईला सल्लागार म्हणून अमरावतीला बोलावले, तर तिचा दिवसभराचा प्रवास होतो आणि रोजीही बुडते. तिने स्वखर्चाने यावे ही अपेक्षा धरली की ती येत नाही, आणि समिती पुन्हा ठरावीक वर्गाची होते. ज्यांच्यासाठी निधी आहे ते सोडून सगळे सल्ला द्यायला बसतात. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी निधीने दिली पाहिजे, बैठक कधी तालुक्याच्या गावी तर कधी घाटावर घेतली पाहिजे, आणि गरज असेल तिथे कोरकू समजणारा माणूस सोबत बसला पाहिजे. यामुळे सेवाभाव कमी होतो, असे मानणाऱ्यांनी विचार करावा की पदरमोड करण्याची ऐपत ही सेवाभावाची कसोटी कधीपासून झाली. खर्च भरून देणे म्हणजे पगार देणे नव्हे. प्रशासकीय खर्च वाढतो ही तक्रार दाते करतील. पण खारट पाण्याच्या एका बोअरवर वाया जाणाऱ्या रकमेत अशा कितीतरी बैठका होतील.

कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा पैसा आल्यापासून हा प्रश्न आणखी मोठा झाला आहे. २०१३च्या कंपनी कायद्यातल्या १३५व्या कलमाने ठरावीक उलाढालीच्या, मालमत्तेच्या किंवा नफ्याच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. कंपनी जिथे काम करते त्या भागाला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. पण त्यासाठीची समिती असते ती संचालकांची. ज्या गावात पैसा जाणार तिथला एकही माणूस त्या समितीत असला पाहिजे, असे बंधन नाही. सातपुड्याच्या या बाजूला मोठे कारखाने थोडे, त्यामुळे प्राधान्याचा पैसाही थोडा. जो येतो तो तरी इथल्या माणसांना विचारून यावा. कंपन्यांनी स्वतःहून स्थानिक सल्लागार नेमायला कायद्याची आडकाठी नाही.

अचलपूर-परतवाड्यात निवृत्त शिक्षक आहेत, आयुष्यभर घाटातल्या उपकेंद्रांवर काम केलेल्या परिचारिका आहेत, बचतगट चालवलेल्या बाया आहेत, संत्र्याच्या बागा वाढवलेले आणि वाळलेल्या बागांवर कुऱ्हाड चालवावी लागलेले शेतकरी आहेत. कोणता निधी तुम्हाला सल्लागार म्हणून बोलावत असेल तर जा, आधी त्याचा विश्वस्त-लेख मागून वाचा, तीन वर्षे काम करा आणि खुर्ची दुसऱ्याला द्या. आणि जे बाहेरगावाहून गावासाठी पैसे पाठवतात, त्यांनी पुढचा धनादेश लिहिण्याआधी त्या संस्थेला दोन कागद मागावेत: निवड करणाऱ्यांची नावे आणि मागच्या बैठकीचे इतिवृत्त. ते मिळाले नाहीत, तर मिळेपर्यंत धनादेश आपल्याजवळच ठेवावा.